बिनतेलाचे पाटील

जनार्दन पाटलांनी पहिल्याच दिवशी मला दारातून परत पाठवलं. "बाई, तोंडाला पावडर हाय तुमच्या. धुऊन या." नव्या नोकरीत असा मान मिळाल्यावर मी तणतणतच नळाकडे गेले. परत आले तर म्हणाले, "गजरापन बाहेर ठेवा."

सत्तरचं दशक होतं. मुंबईच्या आमच्या प्रयोगशाळेत उपग्रहावरच्या दुर्बिणीचा आरसा तयार होत होता. पाटील आमचे प्रमुख. पोशीरच्या भातशेतीवाल्या घरातले. एवढे शिकले, पण बोलणं गावचंच ठेवलं. आरशाच्या खोलीत तेल, अत्तर, पावडर, सगळ्याला बंदी. तेलाचा अंश आरशावर बसला तर डोळ्यांना दिसत नाही, पण ताऱ्यांचे अतिनील किरण गिळून टाकतो. "वरती पुसायला कोन जानार हाय, बाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही शिस्त त्यांना स्वतःच्याच चुकीतून लागली होती. एका दिवाळीत पहिल्या आंघोळीला आईने त्यांच्या डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवलं. शिकेकाईने धुतलं म्हणून ते निर्धास्त कामावर आले आणि दिवसभर आरशावर वाकून बसले. आरसा दिसायला लखलखीत, अतिनील चाचणीत मात्र आंधळा निघाला. सगळा मुलामा काढून पुन्हा चढवावा लागला. तेल त्यांचंच होतं असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. पाटलांनी मात्र त्या दिवसापासून तेल सोडलं.

आईला हे पटेना. एकुलता मुलगा, आणि दिवाळीला त्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. माझं माहेर पोशीरजवळच, नेरळचं, म्हणून एकदा मी त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेले, तर म्हातारी तेलाची वाटी घेऊनच बसलेली.

"आरसा वर गेला की लाव गं आये," पाटील म्हणाले.

"मी हाय तवर जाऊ दे म्हंजे झालं."

उड्डाण पुढेच ढकललं जात होतं. दर दिवाळीला माझ्या मनात म्हातारीचीच काळजी. आई बरी आहे ना, हे पाटलांना विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

अखेर आरसा गेला. पहिला तारा स्वच्छ दिसल्याचं कळलं तेव्हा चैत्र चालू होता, दिवाळी कुठली? तरी पाटील रजा टाकून पोशीरला निघाले, मलाही ओढून नेलं. अंगणात पाटावर बसले आणि आईपुढे डोकं वाकवलं. त्या डोक्यावर एव्हाना केस म्हणून उरला नव्हता.

म्हातारी बघतच राहिली. "आता कुटं लावू रं? केसं व्हती तवा लावू दिलं नायस."

"डोकं हाय ना गं आये. लाव."

तिने सगळी वाटी ओतली. तेल कपाळावरून ओघळून त्यांच्या डोळ्यांपर्यंत आलं. पाटलांनी ते पुसलं नाही.