पूजेचा डावा हात

शुक्रवार पेठेत करडईच्या तेलाचं दुकान चालवणाऱ्या कल्लप्पांचं पोट वाढायला लागलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी त्याचं कौतुकच केलं. "धंदा चांगला चाललाय की शेट," असं कुणी म्हणालं, की कल्लप्पा पोटावरून हात फिरवून म्हणत, "घरच्या तेलाचा गुण."

पार्वतम्मांना मात्र नवऱ्याच्या पाठीवर पाणी घालताना वेगळंच दिसे. पोट पुढं येत होतं आणि दंड वाळत चालले होते. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. मग डोळे पिवळे झाले, आणि चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी रक्ताची उलटी झाली. तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी लिव्हरचं दुखणं म्हटल्यावर धाकटा दीर ईश्वरप्पा हळूच म्हणाला, "वैनी, दादा कधी चोरून घेत तर नव्हता?"

"तुझ्या दादाला ताकसुद्धा आंबट चालत न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, हा रोग पिणाऱ्यांनाच होतो असं नाही. जुनी कावीळही आतल्या आत लिव्हर खात राहते. त्यांनी कल्लप्पांना दोन्ही हात पुढं करून पंजे वर धरायला सांगितलं. पंजे क्षणभर राहिले, मग गळून पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले.

बाहेर आल्यावर डॉक्टर एकट्या पार्वतम्मांशी बोलले. "लिव्हर आता निबर झालंय. ते परत मऊ होत नाही. पोटातलं पाणी काढू, पण ते पुन्हा भरेल. रक्तातली घाण गाळली जात नाही, ती डोक्यात चढते. दिवसा झोपतील, रात्री जागतील, कधी माणसं ओळखणार नाहीत."

"किती दिवस?"

"दिवाळी बघतील असं म्हणवत नाही मला."

पार्वतम्मांनी पदर नीट केला. "तवर शुद्धीवर राहतील का?"

"येऊन जाऊन. पोट साफ राहिलं, औषध वेळेवर गेलं, तर जास्त राहतील. मीठ बंद. आणि सकाळी उपाशी ठेवू नका."

बाकी सगळं जमण्यासारखं होतं. अडचण होती ती सकाळची. लिंगायत दीक्षा झाल्यापासून कल्लप्पांनी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नव्हता. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. दूध तापेपर्यंत होणारी ही पूजा आता संपेनाशी झाली. तळहात गळायला लागला की कल्लप्पा घाईनं उजवा हात लिंगावर धरत, ते सांभाळत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. अंगणातलं ऊन उंबऱ्याला लागे, तरी पोटात ना गोळी ना अन्न. मग ते बसल्या जागी पेंगत, आणि दुपारी ईश्वरप्पाला "कोण तुम्ही?" म्हणून विचारत.

"आधी थोडं दूध घ्या री," एकदा पार्वतम्मा म्हणाल्या.

"पूजेआधी? तुझ्या गळ्यात पण लिंग हाय, पार्वती. तू सांगतीस हे?"

पार्वतम्मांनी दुधाची वाटी बाजूला ठेवली. नेम मोडायला लावला तर माणूस जगेल, पण त्याच्या मनाचा आधारच जाईल, हे त्यांना ठाऊक होतं.

आषाढातल्या एका सकाळी हात जोरात गळला आणि लिंग सुटलं. कल्लप्पांनी डोळे मिटून घेतले. "झालं," ते म्हणाले. "हातातनं गेलं. लिंग पडलं की माणसानं जगायचं नसतं. आता मला अन्न देऊ नको."

पार्वतम्मा वाकून बघू लागल्या. लिंग खाली गेलंच नव्हतं. फुगलेल्या पोटावर, धोतराच्या निऱ्यांपाशी अडकून ते बसलं होतं, फुलासकट.

"डोळे उघडा की. कुटं गेलंय? अंगावरच हाय. पोटानं झेललं तुमच्या."

कल्लप्पांनी मान खाली घालून बघितलं. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. किती दिवसांनी ते हसत होते. "एवढ्या पाण्याचा एवढाच उपेग," ते म्हणाले.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, बायकोनंही नाही, असा घरचा नेम. दुसऱ्या दिवशी पार्वतम्मांनी आपली पूजा लवकर उरकली. मग नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसून त्याच्या तळहाताखाली आपला तळहात धरला. लिंगाला त्यांचं बोटही लागलं नाही. वरचा हात गळायला लागला की खालचा तो तोलून धरी. कल्लप्पांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, पण नको म्हणाले नाहीत. दूध उतू जायच्या आत पूजा झाली.

आषाढअखेर पोटातलं पाणी काढलं होतं, श्रावणात ते पुन्हा भरलं. कल्लप्पांची मंत्रातली अक्षरं मागंपुढं होऊ लागली. एका सकाळी तळहाताखाली तळहात लागताच ते वळून म्हणाले, "अव्वा, पडंल का गं?"

पार्वतम्मांना त्यांच्या अव्वाचा, आपल्या सासूचा चेहरा आठवला. त्या म्हणाल्या, "न्हाय पडत. समोर बघ."

कल्लप्पा समोर बघू लागले. पूजा झाल्यावर पार्वतम्मांनी लिंग कल्लप्पांना त्यांच्याच बोटांनी डबीत ठेवू दिलं, झाकण लागल्याचं बघितलं आणि दुधाची वाटी त्यांच्या ओठाला लावली.