सिस्टरनी सुचवलेले संत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सिस्टर कुणाचंही गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "तू असं कर, तो फ्रान्सिसचा सिनेमा बघ." डोकेदुखीवर गोळी सांगावी इतक्या सहजपणे. गाऱ्हाणं सासूचं असो, साहेबाचं असो की दहावीच्या गणिताचं, त्यावर त्यांच्याकडे एखादा संत असायचाच आणि त्या संतावर एखादा सिनेमाही. नुसतं सुचवून त्या थांबत नसत. संध्याकाळी कॅसेट घेऊन दारात हजर. "उद्या दे. आणि रिवाइंड करून दे, बिल्कुल विसरू नकोस."

सगळे सिस्टर म्हणायचे म्हणून नव्या माणसाला त्या नन वाटायच्या. त्या नर्स होत्या. मूळच्या वसईच्या, नाव फिलोमिना परेरा. पण ते दारावरच्या पाटीपुरतंच. नोकरी दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, हिंदूराव हॉस्पिटलात. मयूर विहारहून दोन बस बदलून, यमुना ओलांडून त्या ड्यूटीवर जायच्या आणि परत येताना पिशवीत भाजी आणि अधूनमधून एखादी नवी कॅसेट असायची. कॅसेट त्यांना कुठून कुठून मिळत. चर्चमधले फादर रोमला जाऊन आले की आणायचे, आखातातले चुलतभाऊ पाठवायचे. बहुतेक सिनेमे इंग्रजी, काही इटालियन. "भाषा कळत नाही हो," असं कुणी म्हटलं तर सांगायच्या, "चेहरे बघ. पेशंटची भाषा तरी मला कुठे कळते नेहमी?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा दर दिवाळीला न चुकता त्याचं कारण विचारायच्या आणि सिस्टर न चुकता सांगायच्या, "टाइम नहीं मिला."

सिनेमा देताना त्यांच्या सूचना असत. पहिली म्हणजे, "चमत्कार आला की चहा ठेवायला ऊठ." सिनेमात ढग फाटून उजेड पडला, व्हायोलिनं वाजू लागली की सिस्टर स्वतः खरोखरच उठून स्वयंपाकघरात जायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वॉर्डात मी रोज बघते, शुभा. तिथे उजेड वगैरे काही पडत नाही. चार दिवस बेशुद्ध असलेला माणूस सकाळी डोळे उघडतो आणि म्हणतो, भूक लागली. एवढंच असतं. ते सिनेमावाल्यांना दाखवता येत नाही, म्हणून मग ढग."

दुसरी सूचना नव्हे, तक्रार होती, संतांच्या घरच्यांबद्दल. संत घर सोडून निघाला की त्याची आई दाराशी रडताना दिसते आणि पुढे सिनेमाभर तिचा पत्ता नसतो, हे त्यांना मुळीच पटायचं नाही. "त्या बाईचं पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही," म्हणायच्या. माझी आई एकदा जरा ठसक्यात म्हणाली, "सिस्टर, आमच्यातही ज्ञानोबा-तुकाराम आहेत हो." सिस्टर म्हणाल्या, "आमच्यातही आहेत, वहिनी. शाळेत मीही अभंग पाठ केलेत. पण तुकोबा भंडाऱ्यावर बसायचे तेव्हा घरी चूल कशी पेटायची, ते मला बघायचंय. असा सिनेमा असेल तर मला तुम्ही सुचवा." आईला हे इतकं आवडलं की पुढे भिशीच्या बायकांना ती ते स्वतःचं म्हणून सांगायची.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांच्यानंतर लागलेल्या एकाला त्यांच्याआधी बढती मिळाली, तेव्हा ते कित्येक दिवस घरात नीट बोलत नव्हते. सिस्टरनी त्यांना एका मठातल्या ब्रदरचा सिनेमा दिला. तो ब्रदर जन्मभर मठाच्या दाराशी बसतो. घंटी वाजली की उठतो आणि दार उघडतो. दुसरं काही नाही. सिनेमा संपल्यावर बाबांनी कॅसेट रिवाइंडला लावली. मग म्हणाले, "मजेत होता माणूस. त्याचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट कुणी लिहीत नव्हतं." आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. सिस्टरना तेवढं पुरलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना सिस्टरची भाची अनिता वसईहून त्यांच्याकडे राहायला आली. तिची आई वारली होती, वडील म्हणजे सिस्टरचे धाकटे भाऊ बागायतीत गुंतलेले. सिस्टरनी तिला इथल्या कॉलेजात घातलं. अनिता माझ्याच वर्गात. मितभाषी, उंच, केस घट्ट बांधणारी. सिस्टर तिचा डबा स्वतः भरायच्या आणि ती यायला उशीर झाला की बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहायच्या. शनिवारी आम्ही तिघी मिळून सिनेमा बघायचो. चमत्कार आला की सिस्टर उठायच्या, त्यांच्यामागून मी. अनिता मात्र जागची हलायची नाही. ती सगळं बघायची, शेवटच्या पाटीपर्यंत. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यात काही विशेष आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बी.ए. झाल्यावर तिला एका खासगी कंपनीत नोकरी लागली. वर्षभरानंतर एका रविवारी दुपारी जेवताना तिने सांगून टाकलं. मी तिथेच होते.

"आत्या, मी कॉन्व्हेंटमध्ये जायचं ठरवलंय. गोरखपूरच्या पुढे त्यांचं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आहे. मी जाऊन बघून आले."

"कधी गेलीस?"

"दिवाळीत. तुला ऑफिसची ट्रिप म्हणून सांगितलं होतं."

सिस्टरनी हातातला घास खाली ठेवला. "खोटं बोलून देवाकडे निघालीस?"

"खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

अनिता म्हणाली, "मग हे सगळे सिनेमे मला का दाखवलेस?"

सिस्टरचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला. "बघण्यासाठी दाखवले! दिवसभर वॉर्डात रक्त, पू आणि रडारड बघून घरी आलं की कुणीतरी बरा माणूस डोळ्यांपुढे असावा, म्हणून मी ते लावायचे. तू उठून तसं करायला लागावंस म्हणून नव्हे!"

माशाचं कालवण तसंच राहिलं. मी हात धुऊन घरी आले.

सिस्टरनी महिनाभर सगळे उपाय केले. भावाला बोलावून घेतलं. तो बिचारा येऊन दोन दिवस राहिला आणि पोरीशी काहीही न बोलता परत गेला. चर्चचे फादर अभिनंदन करायला आले. म्हणाले, "तुमच्या घरी देवाचं बोलावणं आलंय, सिस्टर." सिस्टर म्हणाल्या, "बोलावणं आलं तेव्हा घरात मीही होते, फादर. मला कुणी विचारलं नाही." फादर चहा न घेताच गेले. अनिता ज्या दिवशी निघाली, तो सिस्टरचा सुट्टीचा दिवस होता. तरी त्या पहाटेच युनिफॉर्म घालून ड्यूटीवर निघून गेल्या. स्टेशनवर मी आणि बाबा गेलो. गाडी सुटेपर्यंत अनिता आमच्याशी बोलत होती, पण नजर सारखी जिन्याकडे होती.

त्यानंतर सिस्टरनी सिनेमे सुचवणं बंद केलं. कुणी त्यांच्या व्हीसीआरवर सिनेमा बघायला आलं तर "मशीन बिघडलंय" म्हणायच्या. ते बिघडलेलं नव्हतं. त्यांनी वायर काढून ठेवली होती. आमच्या बिल्डिंगला ते फार जाणवलं. लोक गाऱ्हाणी घेऊन जायचे आणि नुसतेच परत यायचे. मिसेस अरोरांनी एकदा आग्रहच धरला, "सिस्टर, कोई अच्छी फिल्म बताओ ना." सिस्टर म्हणाल्या, "हिंदी देखो. उसमें आखिर में सब घर वापस आ जाते हैं."

अनिताची पत्रं यायची. सिस्टर वाचायच्या, उत्तर द्यायच्या नाहीत.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका संध्याकाळी आमच्याकडे फोन आला. तेव्हा फोन आमच्याकडेच होता. अनिताला मलेरिया झाला होता आणि तो डोक्यात गेला होता. सिस्टरनी फोनवर दोनच प्रश्न विचारले: कुठलं औषध चालू आहे आणि शुद्ध आहे का. मग आईला म्हणाल्या, "घेऊन येते तिला. आता पुरे झालं." आईने मला सोबत पाठवलं. जाताना तिकिटं आम्हा दोघींची होती. परतीची सिस्टरनी तिघींची काढली.

हॉस्पिटल म्हणजे कौलारू बराकी आणि मधे आवार. अनिताच्या खोलीच्या दारात बाकावर एक म्हातारी बसली होती. हाताला बोटं नव्हती. दोन मनगटांमध्ये कडुलिंबाची डहाळी धरून ती दारातल्या माश्या हाकलत होती. सिस्टर आत शिरू लागल्या तशी तिने डहाळी आडवी धरली.

"बिटिया सोई है. बाद में आना."

"मैं उसकी बुआ हूँ. नर्स हूँ मैं," सिस्टर म्हणाल्या.

"तो बैठो. हम भी तो सुबह से बैठे हैं."

आयुष्यभर दुसऱ्यांना वॉर्डाबाहेर थांबवलेल्या सिस्टर मुकाट्याने तिच्या शेजारी बाकावर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी म्हातारीकडे हात पुढे केला आणि डहाळी मागून घेतली. मग त्या माश्या वारत राहिल्या आणि म्हातारीने भिंतीला टेकून डोळे मिटले.

अनिताला शुद्ध आली होती, पण अंगात काही उरलं नव्हतं. आठवडाभर सिस्टरनी तिचं सगळं केलं. शिवाय पाणी उकळायची व्यवस्था बदलली, दोन तरुण ननना इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं आणि स्वयंपाकिणीशी भांडणही केलं. निघायच्या दिवशी अनिता उठून बसत होती. मी सामान घेऊन रिक्षात बसले. सिस्टर तिच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काही वेळाने बाहेर आल्या त्या एकट्याच. रिक्षात चढून म्हणाल्या, "चलो, गाडी चुकेल."

गाडीत एक बाई मूल काखेत घेऊन उभी होती. आमच्या तिसऱ्या जागेकडे बघून तिने विचारलं, "कोई आ रहा है?" सिस्टर म्हणाल्या, "नहीं. बैठो." आणि सरकून खिडकीशी बसल्या. त्या खोलीत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

दिल्लीला आल्यावर त्यांनी मशीनची वायर लावली. पुढच्या जानेवारीत तेच मशीन चादरीत गुंडाळून त्या गोरखपूरला घेऊन गेल्या आणि मग दर जानेवारीत जाऊ लागल्या. तिथल्या आवारात त्यांनी फ्रान्सिसचा सिनेमा दाखवला, त्यात तो घोड्यावरून उतरून एका कुष्ठरोग्याला मिठी मारतो. सिस्टरना वाटलं, आता बायका डोळे पुसतील. तर तीच म्हातारी ओरडून म्हणाली, "अरे, ये कोढ़ी थोड़े ही है! हाथ तो देखो इसके!" आणि सगळं आवार हसायला लागलं. मग आणखी एकीने विचारलं, "गले मिलके चला गया. फिर दुबारा आया कि नहीं?" हे सांगताना सिस्टर इतक्या खूश असायच्या की जणू तो सिनेमा त्यांनीच काढला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी फ्लॅट विकला आणि वसईला भावाकडे गेल्या. पण गोरखपूरला जाता-येता मुक्काम आमच्याकडेच. मधल्या काळात माझं लग्न झालं, बाबांनंतर आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी आणि नवरा याच घरात राहिलो. बाबा गेले तेव्हा सिस्टरचा फोन आला. मला वाटलं, आता कुठला तरी संत सांगतील. त्या म्हणाल्या, "आत्ता काही बघू नकोस. झोप काढ." महिन्याने पुन्हा फोन केला. "आता तो दार उघडणाऱ्या ब्रदरचा बघ. मोबाइलवर मिळेल, पोरांना विचार." मी बघितला. त्यातही शेवटी एक चमत्कार होताच. तेव्हा मी चहा ठेवायला उठले आणि कप दोन काढले. नवऱ्याने अर्धा सिनेमा उभ्यानेच बघितला होता.

सिस्टर वसईला आंब्यांच्या दिवसांत वारल्या. मला पोहोचता आलं नाही. पण त्यांचा निरोप म्हणून माझ्या लक्षात आहे तो त्याच वर्षीचा जानेवारी. गोरखपूरहून परतताना त्या नेहमीसारख्या सकाळी आल्या, आणि दार उघडलं तर त्यांच्यामागे अनिता उभी. राखाडी साडी, कपाळावरचे केस पांढरे, हातात सिस्टरची औषधांची पिशवी. सिस्टर फार वाळल्या होत्या. चार घास खाऊन त्या आतल्या खोलीत झोपल्या. अनिता माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली आणि मटार सोलायला बसली. इतक्या वर्षांत ती एकदाही घरी आली नव्हती.

"तुला रजा कशी मिळाली?" मी विचारलं.

"मागितली. पहिल्यांदाच." ती थोडा वेळ मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "तुला माहितीये, शुभा, मी आजारी होते तेव्हा तुम्ही निघालात ना, त्या दिवशी आत्याने दार लावून घेतलं आणि मला विचारलं, 'चलतेस?' मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'बरं.' पुढच्या वर्षी निघताना पुन्हा विचारलं. मग दर वर्षी. रिक्षा उभी असायची, सामान वर चढलेलं असायचं आणि ही मागे वळून विचारायची, चलतेस? मी नाही म्हणायचे. रागवायची नाही. बरं म्हणून निघून जायची. मला वाटतं, ती जाईपर्यंत मीही त्या प्रश्नाचीच वाट बघत असायचे."

आतून सिस्टरच्या खोकल्याचा आवाज आला. अनिताने हात थांबवून कानोसा घेतला. आवाज थांबला.

"परवा रिक्षा आली," ती म्हणाली. "आत्या चढून बसली. मी दारात उभी. तिने पदर सारखा केला, रिक्षावाल्याला म्हणाली, 'चलो, भैया.' मला विचारलंच नाही. मग मीच रिक्षा थांबवून बॅग भरली."