लिफाफ्यावरची पाच बोटं

साकोलीत हायवेला लागून पेट्रोल-डिझेलचा नवा पंप होणार आणि तो बांधायचं टेंडर निघालंय, ही बातमी मला पेपरातून नाही, बानं आणून दिली. माझा बा गवंडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर थापी चालवलेला. चुन्यानं बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या, गुडघे गेले होते, तरी रोज परांचीवर चढत होता. मी डिप्लोमा करून कालव्याच्या कामावर नोकरीला लागलो होतो. ती सोडून ठेकेदारीचं रजिस्ट्रेशन काढलं ते एवढ्यासाठीच, की ह्या माणसाला एकदाचं परांचीवरून खाली उतरवावं. आमच्या स्वतःच्या कामावर त्यानं नुसतं उभं राहून दुसऱ्यांच्या चुका काढाव्यात. चुका काढण्यात तो तरबेज होता. तो गुण माझ्यातही उतरलाय, असं घरचे म्हणतात.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. तोवर माझ्या हातून तीन टेंडरं गेली होती. मला ‘ठेकेदार’ अशी हाक मारताना लोक हसू दाबायचे आणि मला ते दिसायचं. हेही गेलं तर मला परत नोकरी शोधावी लागणार होती आणि बा परांचीवरच मरणार होता. दुसरं काही मला सुचेनासंच झालं होतं.

टेंडरात भरलेला दर कोणाला सांगायचा नाही, घरातही नाही, असा आमच्या धंद्याचा रिवाज. त्यामुळे दर मी बालाही सांगितला नाही. पण जमिनीचं मात्र विचारलं. पंपाच्या टाक्या जमिनीत पुरायच्या, त्याला मोठा खड्डा लागतो, आणि ती जागा म्हणजे बुजवलेली जुनी बोडी. धानाला पाणी द्यायचं तळं होतं तिथं एके काळी. खड्ड्यात पाणी लागणार ह्या धास्तीनं सगळेच ठेकेदार इंजिन लावून महिनोन्‌महिने उपसा करायचा खर्च धरणार होते.

“कायले उपसतेस?” बा म्हणाला. “पावसाळ्यात खोदशील तं मरशील. वैशाखात खोद. खालची माती कोरडी ठणठणीत रायते. मी पाह्यली हाये ते बोडी.”

डिप्लोमा झाल्यापासून मी बाचं कामातलं एकही म्हणणं मनावर घेतलं नव्हतं. शिकलेल्या पोराचा माज, दुसरं काय. पण ह्या वेळी घेतलं. उपशाचा एक पैसाही धरला नाही. दर भरले, लिफाफा बंद केला, लाख लावली, पितळी शिक्का उठवला. बाचं ऐकून केलेलं हे माझं पहिलं काम होतं आणि मला त्याचा, कधी नव्हे तो, अभिमान वाटला.

टेंडरात एक अट होती. लिफाफ्यावर फक्त कामाचं नाव, बाकी कुठलीही खूण नको. खुणेवरून लिफाफा ओळखायचा आणि आतल्या माणसानं मदत करायची, असे प्रकार होतात म्हणून ती अट.

सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा मायनं थैलीतून लिफाफा काढला, देवापुढं ठेवला, ओल्या हळदीत पाच बोटं बुडवून पाठीमागं उमटवली आणि मधोमध कुंकू लावलं. नव्या घराच्या चौकटीला लावावं तसं. मग गुपचूप परत ठेवून दिला. गुपचूप, कारण देवाधर्माचं काही निघालं की मी तिच्या अंगावर ओरडायचो. ओरडत नसतो तर तिनं माझ्या देखत लावली असती आणि मी तिथंच थांबवलं असतं. हे आता कळतंय.

टेंडरं टाकायची पेटी भंडाऱ्याच्या विश्रामगृहात ठेवली होती. एक वाजता बंद होणार. बस लाखनीला बिघडली आणि मी पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती. थैलीत हात घातला आणि पिवळी बोटं दिसली. नळाखाली रुमाल ओला करून घासायला लागलो. हळदच ती, जाते कुठं? आणखी पसरली, कागद सोलायला लागला. समोरच्या दुकानात कोरा लिफाफा मिळाला असता, पण लाख आणि शिक्का घरी. मी तिथं नळाजवळ उभा राहून मायच्या नावानं काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

“टाकाचा असन तं टाका, पेटी बंद होऊन राह्यली,” शिपाई म्हणाला. मी टाकला.

अर्ध्या तासानं लिफाफे उघडायला घेतले. तेलकंपनीचा साहेब बाहेरगावचा, सौम्य माणूस. माझा लिफाफा हातात घेतल्याबरोबर भंडाऱ्याचा एक ठेकेदार उठला. त्याच्या स्वतःच्या कपाळावर हे एवढं मोठं गंध.

“साहेब, याच्यावर खूण हाये!”

“खूण नाही ती,” मी म्हणालो. “माझ्या आईनं हळद लावलीय.”

सगळे हसले. साहेब हसला नाही. “मला समजतंय हो,” तो म्हणाला, “पण आज चालवून घेतलं तर उद्या प्रत्येक जण हळदच लावून आणील.” आणि त्यानं लिफाफा न उघडता बाजूला ठेवला.

बाकीच्यांचे दर वाचले. सगळ्यांत कमी त्या गंधवाल्याचा. त्यानंही उपसा धरलेला होता. माझा दर त्याच्याहून कितीतरी खाली होता. “फाडा तो लिफाफा! वाचा एकदा!” मी ओरडलो. शिपायानं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. व्हरांड्यात बसून मी रडलो, चारचौघांत, लाजसुद्धा वाटली नाही.

परतीच्या बसमध्ये मायला काय काय बोलायचं ते पाठ करत आलो. ती दारातच उभी होती. “भेटलं ना गा?” तिच्यामागे खाटेवर बा. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, हे बाला कळलं तर तो जन्मभर ताटावर बसून तिला टोचेल. पोटात ठेवणारा माणूस नव्हताच तो.

“नाई भेटलं,” मी म्हणालो. “माहा दर जास्त झाला.”

“काहून?” बा उठून बसला.

“पाणी उपसाचा खर्च धरला होता मी.”

“मी तुले सांगतलं होतं.”

“हो.”

“मंग?”

काहीतरी बोलणं भाग होतं. “मले वाटलं, तुले काय समजते.”

बा पुन्हा आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं. माय शेजारणीला सांगत राहिली, की देवानं तर साथ दिली होती, पोराचाच हिशोब चुकला.

गंधवाल्यानं कामाला माणसं घेतली त्यात बाला घेतलं, कारण पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता. वैशाखात खड्डा खोदला. कोरडा निघाला. मी दुसरीकडे कालव्यावर नोकरी धरली.

पुढं काही वर्षांनी मी घर बांधायला काढलं. पाया खणायच्या दिवशी बा काठी टेकत येऊन उभा राहिला. मी विचारलं, “बा, किती खोल घ्याव?”

“तू शिकला हायेस गा,” तो म्हणाला. “मले काय समजते.”

माय तिथंच उभी होती, म्हणून मी गप्प राहिलो.