कठड्यावर चढलेला गोविंदा

मंडळी, आज माजिवड्याच्या साइटवर घडलेली गोष्ट.

आमचा रंगारी रुपेश बाहेरची भिंत रंगवायला क्रेनसारख्या लिफ्टच्या उघड्या पिंजऱ्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेला. हात पोचेना, म्हणून पठ्ठ्या चक्क पिंजऱ्याच्या कठड्यावर चढला. अंगात सेफ्टी बेल्ट होता, पण त्याचा हूक नुसताच लोंबत होता.

साइटवर सेफ्टी मी बघते. त्याला खाली बोलावून झापलं.

तर म्हणतो, "मॅडम, टेंभी नाक्याच्या दहीहंडीला इतकी वर्षं थर लावतोय. हे काय."

"तिथे सगळ्यात वर कोण चढतं?"

"माझा धाकटा भाऊ."

"बिनदोरीचा?"

"काहीतरीच काय. त्याची दोरी मी स्वतः ओढून बघतो."

एवढं बोलला आणि स्वतःच्या लोंबत्या हुकाकडे बघायला लागला. मग वर जाऊन आधी हूक अडकवला. दुपारी बघते तर जोडीदाराचा हूकही हाच ओढून बघत होता.

खुशीतच डोंबिवलीला घरी आले, तर सासूबाई डगमगत्या स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसतायत. म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं पुसतेय."

मी पुढे होऊन स्टूल धरलं.

तुमच्याकडे पंखा पुसताना स्टूल कोण धरतं?