न चाखलेला सॉस

पातेल्यावरचं झाकण जरासं तिरकं करायचं, उजव्या हाताने वाफ आपल्याकडे ओढायची, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास. मग झाकण परत ठेवून निकाल: "मीठ कमी आहे."

चमचा तोंडाला नाही, बोट जिभेला नाही. नुसत्या वासावर मीठ कसं कळतं, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगं, चाखलं की उष्टं होतं. चव घेतात ती जेवणारी माणसं. करणाऱ्याने वास घ्यायचा."

दुबईत, अल बर्शाला, आमची दारं समोरासमोर होती. काकू मूळच्या पाटणकडच्या. मोठ्या घरात जन्मभर सणावारांचा नैवेद्य रांधलेला, आणि देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही ही सवय अंगात पार मुरलेली. काका गेले, घर विकलं, मुलाकडे इथे येऊन राहिल्या, देव फ्रिजशेजारच्या फळीवर आले, तरी सवय सुटली नाही. नातीसाठी मॅगी करायच्या तीसुद्धा न चाखता. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. मला आधी हे सगळं थोतांड वाटायचं, कारण मी चाखून चाखून अर्धी आमटी संपवणारी बाई, आणि तरी माझी आमटी खारट. त्यांची कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मुलगा समीर, सून केतकी. दोघं सकाळी आठला घराबाहेर पडायची ती संध्याकाळी सातला उगवायची. मधल्या वेळात घरात काकू, आणि शाळेची बस आली की नात रेवा. काकू मराठीत बोलायच्या, रेवा इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं मजेत चाललेलं असायचं. "हात धुतलेस का?" "ऑलरेडी डन, आजी." "साबण लावून?" मग नळाचा आवाज.

नोव्हेंबर आला की इथल्या सुपरमार्केटात लाल क्रॅनबेरीची पाकिटं दिसायला लागतात. काकूंना घेऊन मी पहिल्यांदा गेले त्या वर्षी त्यांनी एक पाकीट उचललं, नाकाशी नेलं, प्लॅस्टिकमधून काय वास येणार म्हणा, पण त्या म्हणाल्या, "हे करवंदाचं परदेशातलं भावंड दिसतंय." दिरहमचे रुपये करायला त्यांना मी बंदी घातली होती, म्हणून पाकीट घरी आलं. नाहीतर तिथेच राहिलं असतं.

आणि मग त्यांनी करवंदाचं जे केलं असतं तेच क्रॅनबेरीचं केलं. एक सॉस ब्याडगी आणि गुळाचा, तो पाहुण्यांसाठी. दुसरा हिरवी मिरची आणि आल्याचा, तो घरच्यांसाठी. तिसरा लवंगी मिरचीचा. लवंगी कोरड्या तव्यावर भाजायची आणि अगदी नेमक्या वासाला उतरवायची. आधी उतरवली तर कच्ची, नंतर उतरवली तर कडू. तो वास कोणता, हे त्यांना शब्दांत सांगता यायचं नाही. "तो आला की कळतो," एवढंच. हा तिसरा सॉस कोणासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, "ज्याच्यात दम असेल त्याच्यासाठी."

केतकीची बॉस एक अमेरिकन बाई. तिला त्या वर्षी डिसेंबरात, इथल्या नॅशनल डेच्या सुट्टीत जेवायला बोलावलं होतं. टर्की हॉटेलातून तयार आली. काकूंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "त्या पक्ष्याचं तुम्ही बघा. मी चटणीचं बघते." बॉसबाईने लवंगीचा सॉस खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आणखी मागितला. तेव्हापासून दरवर्षी ते जेवण आणि दरवर्षी ते तीन सॉस ठरूनच गेले. केतकी ऑफिसात "माय मदर-इन-लॉज सॉस" म्हणून सांगायची. काकू वरवर म्हणायच्या, "काय बाई वेड एकेकाचं!" पण ऑक्टोबरपासूनच माझ्यामागे लागायच्या, पाकिटं आली का बघून ये म्हणून.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघी लिफ्टमध्ये होतो. आमच्या मजल्यावरचे एक अरब गृहस्थ अंगाला इतकं ऊदाचं अत्तर लावून जातात की ते उतरले तरी लिफ्ट पुढचा तासभर त्यांचीच असते. काकूंचं ठरलेलं होतं, आत शिरल्या शिरल्या पदर नाकाला आणि "डोकं उठलं बाई!" त्या दिवशी मला सटासट शिंका आल्या. काकू शांत उभ्या. पदर खांद्यावर.

"काकू, वास नाही आला?"

"आला की," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता.

मी आत्ता सोडायचं नंतर धरायचं असल्या स्वभावाची नाही. त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हटलं, डोळे मिटा आणि सांगा. त्या कितीतरी वेळ श्वास घेत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या.

"उन्हाळ्यात ताप आला होता बघ. ताप गेला, तो वास घेऊनच गेला."

"आणि इतके महिने?"

"अंदाजाने करते. हाताला माप आहे. पण आता अंदाजही फसायला लागलेत गं."

मी लगेच म्हटलं, समीरला सांगा, डॉक्टरकडे जाऊ. तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग सांगितलं, काही दिवसांपूर्वी समीर आणि केतकी हॉलमध्ये बोलत होती. आई झोपली असं त्यांना वाटलं होतं. समीर म्हणत होता, आईला स्वयंपाक आहे, रेवा आहे, म्हणून ती इथे रमलीय. तिच्याने होईनासं झालं की मग पुण्याचं बघावं लागेल. पुण्याचं म्हणजे एक वृद्धाश्रम. बाग आहे म्हणे, डॉक्टर आहेत.

"वाईट बोलला नाही तो," काकू म्हणाल्या. "खरं तेच बोलला. पण मला त्या बागेत नाही जायचं. मला दुपारी बस आली की खाली जायचंय."

मला समीरचा राग आला, काकूंचा आला, आणि स्वतःच्या धडधाकट नाकाचाही आला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ठीक आहे, मी येत जाईन."

असं मी काकूंचं नाक झाले. सकाळी समोरचं दार उघडायचं, पातेल्यावर वाकायचं आणि बातमी द्यायची. सुरुवातीला रोज बोलणी खायचे. "चांगला वास येतोय," म्हटलं की काकू उखडायच्या. "चांगला म्हणजे काय? कच्च्या तेलाचा की शिजलेल्या? कांदा गोड झाला की अजून डोळ्यात जातोय? नाक आहे का दाराची कडी?" मग मी शिकले. कढीपत्ता आता गप्प झाला. खोबरं आत्ता कुठे भाजायला लागलं. डाळीला अजून डाळीचाच वास आहे. त्या ऐकायच्या आणि त्याप्रमाणे हात चालवायच्या. तिसऱ्याला कोणाला कळलं नसतं. आणि खरं सांगते, त्या दोन महिन्यांत मी जेवढं हसले तेवढं या देशात आल्यापासून हसले नसेन. तरी मधूनमधून म्हणायचे, "काकू, सांगून टाका." त्या म्हणायच्या, "या वर्षीचे सॉस होऊ देत. मग सांगते. इन्शाल्ला." म्हणजे देवाच्या मनात असेल तर. हा शब्द त्यांनी इथेच उचलला होता आणि नको ते टाळायला अगदी इथल्यासारखा वापरायच्या.

सॉस आदल्या दिवशी झाले. लवंगी तव्यावर टाकली आणि मी नाक पुढे केलं. काकू तव्याच्या या बाजूला, मी त्या बाजूला. "आला?" "नाही." "आला?" "नाही काकू." आणि मग एकदम एक वास आला, गोड म्हणावा असा, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, आणि त्यामागून ठसका. "आला! उतरवा!" काकूंनी तवा उचलला. मी खोकत होते आणि त्या हसत होत्या. क्रॅनबेरी मात्र त्यांनी एकट्याने शिजवली. ती फुटताना ऐकू येते, तिला नाक लागत नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी केतकीने मला क्रीम आणायला पिटाळलं. ती आणि समीर हॉलमध्ये टेबल मांडत होती, एसी चालू, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावलेलं. मी परत आले तर आत खिडकी सताड उघडी, गॅसचा वास अजून विरलेला नव्हता, आणि काकू जमिनीवर बसलेल्या. मांडीत रेवा. काकूंनी तिला इतकं घट्ट धरलं होतं की ती "आजी, टू टाइट!" म्हणत होती.

सॉस गरम करायला ठेवला होता. तो उतू गेला आणि आच विझली. काकू पाठमोऱ्या कोथिंबीर निवडत होत्या. निवडून झाली, जिऱ्याच्या भातासाठी दुसरी शेगडी पेटवायला त्यांनी लायटर हातात घेतला, आणि नेमकी रेवा आत आली. नाक धरून म्हणाली, "आजी, इट्स सो स्टिंकी इन हिअर!"

"माझं बोट लायटरवर होतं," काकू मला म्हणाल्या. "बोट होतं गं."

मी म्हटलं, "आत्ता कोणाला काही बोलू नका. पाहुणे येतायत. संध्याकाळी सांगू, मी बरोबर येते." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

जेवण सुरू झालं. बॉसबाई, तिचा नवरा, मी आणि माझा नवरा, समीर, केतकी. बॉसबाईने लवंगीचा सॉस टर्कीवर घेतला, डोळे पुसले, म्हणाली, "मॅजिक!" सगळे हसले. काकू इस्त्रीच्या साडीत खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या समीरकडे बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "समीर, मला वास येत नाही. उन्हाळ्यापासून येत नाही. सकाळी गॅस सुटला होता, मला कळलं नाही. रेवा तिथेच होती."

समीरच्या हातातला काटा तसाच राहिला. बॉसबाईने हसून केतकीला विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

केतकी पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "शी सेज, प्लीज हॅव सम मोअर."

आणि त्या बाईने खरंच आणखी घेतला.

त्या क्षणी मला केतकीच्या कानाखाली एक लगावून द्यावीशी वाटली होती. पण नंतर भांडी आत न्यायला गेले तर ती सिंकपाशी उभी राहून रडत होती. रेवाचा प्यायचा पेला हातात. मी भांडी ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी उभी राहिले.

डॉक्टर इजिप्शियन होते. वास परत येईल का, असं विचारल्यावर त्यांनीही "इन्शाल्ला" म्हटलं, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या शब्दाचा अर्थ आम्हाला दोघींनाही पुरता ठाऊक होता.

घरात कोणी आवाज चढवला नाही. पुण्याचं नावही कोणी काढलं नाही. गॅस काढून इंडक्शन आलं, सकाळी स्वयंपाकाला एक केरळी बाई यायला लागली. समीर म्हणायचा, "आई, तू आता फक्त आराम कर." आणि रेवाची बस दुपारी बिल्डिंगखाली यायची बंद झाली. शाळेजवळच्या एका डे-केअरमध्ये ती सातपर्यंत राहायला लागली. आईवडील म्हणून त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण दुपारी मी दार उघडायचे तर काकू सोफ्यावर, टीव्ही बंद, हात मांडीवर. अशा बसलेल्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या.

एका दुपारी त्यांनीच सांगितलं, "पुण्याला जाते म्हणून समीरला सांगितलंय मी."

"त्याने पाठवलं?"

"छे! रडला तो. म्हणाला, जाऊ नकोस. ठेवून घेतील गं ही मला, जन्मभर ठेवून घेतील. पण पोरीला माझ्याजवळ एकटं ठेवणार नाहीत. आणि ठेवायला नकोच. मग कशाला? खलास."

फेब्रुवारीत एका सकाळी समीर त्यांना विमानतळावर घेऊन निघाला. मी खाली गेले. रेवा युनिफॉर्ममध्ये होती, केतकी तिला शाळेत सोडणार होती. काकूंनी तिला कडेवर घ्यायला पाहिलं, ते जमेना, मग त्याच खाली बसल्या. तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं, लहान बाळाची टाळू हुंगतात तसं. श्वास घेतला. पुन्हा घेतला. रेवाला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती. काकू कितीतरी वेळ श्वास घेत राहिल्या.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू घे," म्हणाल्या.

मी रेवाशेजारी गुडघे टेकले. चांगला वास येतोय एवढ्यावर भागणार नव्हतं. मी सांगितलं, खोबरेल तेल आहे, थोडंसंच. शॅम्पू कालचा आहे. कानामागे घाम आहे, उशीचा वास आहे, आणि दुधाचा, सकाळी सांडलेलं असणार.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. "आणि?"

"आणि तिचा स्वतःचा. तो सांगता नाही येत काकू."

"हां," त्या म्हणाल्या, "तोच," आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.