चावडीची दोन दारं

खासदाराच्या गावात राहिलं की किस्से आपोआप साचतात. कुणी एक सांगितला की दुसरा मागं उभाच! मोशीजवळच्या आमच्या गावात माझं शिवणकामाचं दुकान होतं, अगदी चावडीसमोर. पहिल्या-दुसऱ्या निवडणुकांचा तो काळ. आमच्या खासदार तात्यांची अख्खी पार्लमेंट मी मशीनवर बसूनच पाहिली.

*

तात्या निवडून आल्यावर पहिल्यांदा दिल्लीहून परतले, तेव्हा म्हाताऱ्या शिरपा पाटलांनी विचारलं, "मत देता म्हंजे नेमकं करता काय?"

तात्या म्हणाले, "कायद्यावर 'होय'-'नाही'च्या आवाजानं निकाल लागला नाही, तर घंटा वाजते. 'होय'वाले उजव्या दारानं जातात, 'नाही'वाले डाव्या. तिथं मोजणी होते."

"आरं, ही तर मेंढरं मोजायची रीत!" पाटील म्हणाले. "आपल्या चावडीला बी दोन दारं हायती. दावा की चालून!"

तात्या उठले आणि उजव्या दारानं बाहेर गेले. तेव्हापासून रिवाजच पडला. गावी आले की कुठल्या कायद्याला काय मत दिलं ते सांगायचं, आणि त्या त्या दारानं चालून दाखवायचं. त्याशिवाय चहा नाही!

*

तात्या नेहमी उजव्याच दारानं जायचे. पाटलांना शंका आली. तात्यांनी खुलासा केला, "पक्षाचा हुकूम असतो. व्हिप म्हणतात. म्हणजे चाबूक."

पाटील तंबाखू मळता मळता म्हणाले, "निवडून दिलं आमी, आन चाबूक त्येंच्या हातात व्हय?"

*

एकदा तात्यांचं मतदान हुकलं. कँटीनमध्ये चहा घेत होते, घंटा वाजली, धावत गेले तर दारं बंद! त्यांनी हे चावडीच्या पायरीवरच इमानदारीनं सांगितलं.

पाटलांनी चावडीची दोन्ही दारं आतून लावून घेतली. भर उन्हात खासदार पायरीवर! शेवटी मीच त्यांना दुकानात बोलावून पाणी दिलं. तात्या म्हणाले, "राव, दिल्लीत निदान सावली तरी होती."

*

मग लोकसभा अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभागृह चालवणाऱ्यांत तात्यांचं नाव आलं. गावानं हार घातले. तात्या रंगात येऊन सांगू लागले, "त्या खुर्चीत बसलं की आपण बोलायचं नाही, फक्त दुसऱ्यांना गप्प करायचं."

मागून काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "त्यातलं पहिलं तेवढं घरी चालू ठेवा!"

*

आता तात्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं सांगतो. दादांनी नांगर धरला म्हणून तात्या वकील झाले. प्रचारालाही दादांचीच बैलगाडी गावोगाव फिरली. दादांचा मळा रस्त्याला लागून होता, विहिरीला बारमाही पाणी. तिकडं पिंपरीला कारखान्याचं धुराडं उभं राहिलेलं, आणि पुढची पाळी आपल्या मळ्याची, हे दादा ओळखून होते.

कारखान्यांसाठी जमिनी घेणं सोपं करणारा कायदा दिल्लीत आला. मतदान झालं, आणि तात्या गावी आले.

चावडी गच्च भरली. दादा येऊन बसले ते नेमके उजव्या दाराच्या उंबऱ्यावर. मी मशीन थांबवलं.

तात्या उभे राहिले. "व्हिप होता. पण त्याच्या आड लपत नाही. पोरांना कामं मिळतील, असं मला स्वतःला वाटलं. मी 'होय' म्हणालो."

नेहमी हट्ट धरणारे शिरपा पाटीलच हळू आवाजात म्हणाले, "तात्या, ऱ्हाऊ द्या. आज चालून दावू नका."

"नाही पाटील. तिथं ज्या दारानं गेलो, त्याच दारानं इथंही जाणार."

तात्या उंबऱ्यापाशी आले. "दादा, जरा सरका."

दादांनी वर पाहिलं. धोतराचा सोगा आवरला आणि सरकून वाट दिली. तात्या बाहेर पडले, पायऱ्या उतरून रस्त्याला लागले. लांबच्या वस्तीवरच्या माणसाला हाक मारावी तसे दादा मागून मोठ्यांदा म्हणाले,

"आरं, घराला मातुर एकच दार हाय. येळंवर जेवाय ये!"