डाव्या हाताची चाल

मिस सकाळी उठल्या की आधी पियानोला पाणी पाजत, मग स्वतः चहा घेत. पियानोची खालची फळी काढायची, आतली काचेची बरणी भरायची, परत जागेवर ठेवायची. नगरची हवा कोरडी. उन्हाळ्यात लाकूड तडकतं, सूर उतरतात, म्हणून ही सोय. त्यांचे गुडघे धरायला लागल्यावर ते काम माझ्याकडे आलं. एकदा माझी आई पाथर्डीहून भेटायला आली होती. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "काय गं, त्या पेटीला रोज पानी दावतीस? बैल हाय का त्यो?" मला वाटलं मिस रागावतील. त्या म्हणाल्या, "बैलच आहे हो. फक्त ओढत काही नाही."

केडगावात त्यांना सगळे पियानोच्या मिस म्हणत. पुणे रस्त्यापासून थोडं आत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातल्या एका खोलीत पियानो राहायचा आणि उरलेल्या जागेत मिस. लग्न केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, मागे भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा आठवीत सुटली. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि कुणाच्या तरी ओळखीनं मी मिसच्या दारात उभी राहिले, स्वयंपाकाला आणि सोबतीला. त्यांनी विचारलं, "वाचता येतं का?" स्वयंपाक येतो का, हे विचारलंच नाही. त्याची फळं त्यांनी पहिला आठवडाभर खाल्ली.

त्यांच्या कानाला सुट्टी नसायची. रस्त्यावरून ट्रक हॉर्न देत गेला की त्या सूर सांगत. एकदा कुकरची शिट्टी झाली तर आतून म्हणाल्या, "सुमन, ही काल जरा खाली होती. रबर बघ." मी बघितलं, रबर चिरलेलं होतं. मी मुळात घाबरट. गॅस बंद केला की दोनदा जाऊन बघणारी. त्या म्हणायच्या, "तू बघून ये, मी कानानं बघितलंय."

मला लिहायची सवय त्यांनीच लावली. त्यांच्याकडे पाच-पाच रेघांच्या, सुरांची लिपी लिहायच्या वह्यांचा गठ्ठा पडून होता. शिकणारी मुलं कमी झाली, वह्या उरल्या. "वाया घालवू नकोस, काहीतरी लिही," म्हणाल्या. मी गावाकडच्या गोष्टी लिहायला लागले. माझी अक्षरं त्या रेघांमध्ये मावायची नाहीत. मिस चष्मा लावून वाचत आणि म्हणत, "तुझा 'क' फार वरच्या पट्टीत गेलाय."

मग मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपनं लोकांकडून गोष्टी मागवल्या. मी एक लिहायला घेतली. एक माणूस परदेशी जायला निघालाय, बाई दारात उभी आहे, आणि घरात पियानो वाजतोय. कोणता पियानो, काय वाजतंय, हे मला कुठं माहीत? मिसना विचारलं. वाटलं, एक नाव सांगतील, मी लिहीन, काम झालं. पण आमचे त्यात आठ दिवस गेले.

आधी त्यांनी मलाच प्रश्न घातले. दुपार आहे की संध्याकाळ? त्याचा टांगा आलाय की यायचाय? ती जेवलीय का?

"जेवणाचा काय संबंध, मिस?"

"उपाशी बाईला वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची चाल, सोसत नाही."

मी तिला जेवायला घातलं. रोज चहा झाला की मिस वाजवून दाखवत. बोटं आखडली होती, तरी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या, कुठल्या कुठल्या थंड देशांतल्या लोकांची दुःखं केडगावात येऊन बसत. एक नॉक्टर्न, रात्रीची संथ धून, ऐकून मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "हेच." मिसनी झाकण खाली केलं. "ह्यानं ऐकणारा रडेल. तुझी बाई तशीच कोरडी राहील. दुसऱ्याचं रडं आणून तिच्या तोंडाला फासू नकोस." दुसरी धून त्यांना फार श्रीमंत वाटली. तिसरी माझ्या मनात बसली होती, पण त्या म्हणाल्या, "ही वाजवणारी बाई त्याच्यासोबत पळून जाईल, दारात राहणार नाही."

शेवटी त्यांनी एक छोटा वॉल्ट्झ निवडला आणि म्हणाल्या, "पण फक्त डावा हात." ते मी रोजच संध्याकाळी ऐकायचे. एक जड पाऊल, दोन हलकी. एक जड, दोन हलकी. मला दोन वर्षं वाटत होतं की उजव्या हाताला संधिवात जास्त असेल. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. लहानपणापासून शेजारी राहणारा एक मुलगा होता. दोघं एकाच बाकावर बसून हे वाजवत. उजवा हात त्याचा, डावा मिसचा. तो शिकायला परदेशी गेला. आधी पत्रं आली, मग आली नाहीत. "गाणं उजव्या हातात असतं, सुमन. ते गेलं की नुसती चाल उरते. ती मी चालत राहिले." मग माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुला कळावं म्हणून सांगितलं. ह्यात लिहायचं नाही."

मी लिहिलं.

का लिहिलं, ह्याचं उत्तर मी बरीच वर्षं जुळवते आहे. गोष्ट त्याशिवाय उभी राहत नव्हती, हे खरं. मिसचं नाव घातलं नव्हतं, गाव बदललं होतं, हेही खरं. पण पाठवताना मी ती त्यांना वाचायला दिली नाही, यातच सगळं आलं. आणि वर शहाणपणा केला. शेवटी त्या माणसाला परत आणलं. तो येतो, बाकावर बसतो, उजवा हात ठेवतो. मला वाटलं, मी मिसना काहीतरी दिलं.

गोष्ट निवडली गेली. गुरुवारी मिसच्या मैत्रिणी चहाला यायच्या. मीच हौसेनं मोबाईल स्टीलच्या पेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. अ‍ॅपवाल्यांनी आपल्या मनानं तीच रडवणारी नॉक्टर्न घातली होती, वर व्हायोलिनं. तरी डाव्या हाताचं वर्णन ऐकून लीलामावशींचा कप हातातच राहिला. त्यांचं बालपण मिसबरोबरच गेलेलं. "अगं, हे तर…" म्हणाल्या आणि थांबल्या. शेवट झाला तेव्हा दुसऱ्या एका मावशींनी अगदी भोळेपणानं विचारलं, "मग आले होते का गं ते? आम्हाला बोलली नाहीस कधी."

मिस म्हणाल्या, "चहा गार होतोय."

मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. रात्रीची भाकरी नेहमीसारखी खाल्ली, मीठ कमी पडलंय म्हणाल्या. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पियानो उघडला नाही. नंतर मुलं आली की शिकवत, पण तो वॉल्ट्झ मी पुन्हा कधी ऐकला नाही. इतकी वर्षं तो त्यांचा एकटीचा होता. आता त्यात कुणीतरी येऊन बसत होतं, आणि त्याला मी आणलं होतं.

वर्षभरानं मस्कतला एका आजींना सांभाळायचं काम चालून आलं. इंग्रजीतलं शिफारसपत्र मिसनीच लिहिलं. त्यात 'ट्रस्टवर्दी' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ मी त्यांनाच विचारला होता. 'विश्वासू,' त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

इथून मी दर रविवारी फोन करायचे. प्रत्येक वेळी ठरवायचे, आज माफी मागायची. आणि फोन लागला की गुडघे कसे आहेत तेच विचारायचे. त्या म्हणायच्या, "आहेत जागेवर. तू लिहितेस का?" मी "हो" म्हणायचे. खरं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहीत होते. तीच. आता त्यात तो परत येत नाही. ती मिसना वाचून दाखवायची होती. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिले आणि यंदाच्या हिवाळ्यात मिस गेल्या.

आजही मी तेच करते आहे, त्यांचं त्यांना न विचारता सांगते आहे, हे मला कळतं. त्या वॉल्ट्झचं नाव मात्र इथं लिहिलेलं नाही. तेवढं त्यांचं राहू दे.

शेजारच्या शबानाभाभी शेवटी त्यांच्याकडे जाऊन-येऊन होत्या. त्यांनीच फोनवर सांगितलं. मिसना अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी रोज सकाळी आधी पियानोची बरणी भरायला लावायच्या. मग चहा. "मी एकदा म्हटलं त्यांना," भाभी म्हणाल्या, "मिस, तुम्ही तर आता हात पण लावत नाही त्याला, मग पाणी कशाला?"

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, वाजत नाही म्हणून तहान लागत नाही काय."